तास रंगला, पण पोरांच्या डोक्यात काय उरलं?

प्रिय नव्या मास्तरा,

तुझा मेसेज वाचला. तास मस्त रंगतो, पोरं माना डोलावतात, "समजलं का?" विचारलं की एका सुरात "हो सर", आणि आठवड्याने तेच विचारलं की सगळी छताकडे बघतात. आणि तू म्हणतोस अजून चांगलं समजावून सांगायची एखादी ट्रिक द्या. नाही देणार, कारण मला वाटतं तू आधीच जरा जास्त समजावून सांगतोस.

माझं मत ऐक, पटलं तर घे. पोर शिकतं ते स्वतःच्या डोक्यातून काहीतरी बाहेर काढताना, आपण आत टाकत असताना त्या मानाने फार कमी. हे माझं एकटीचं खूळ नाही. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे! आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असा कॉन्फिडन्स पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुझी "हो सर" वाली पोरं खोटं बोलत नाहीत रे, त्यांना त्या क्षणी खरंच समजल्यासारखं वाटत असतं.

म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं वह्या बंद ठेवायच्या. एक प्रश्न कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा, कागदावर लिहा, मग उत्तरं आपापली तपासा. मार्क अजिबात द्यायचे नाहीत, मार्क आले की शेजाऱ्याच्या कागदात डोकावणं आलंच. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच, अर्थहीन अक्षरं स्वतःच पाठ करून, दाखवलं होतं की विसरणं सगळ्यात जोरात सुरुवातीच्या काही तासांत होतं. त्यामुळे एकदा शिकवून झालं म्हणून धडा संपला असं होत नाही, पोर्शन तुझा संपतो फक्त.

दुसरं, प्रश्न विचारलास की गप्प बस. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांमधली रेकॉर्डिंग ऐकून मोजलं होतं, शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, एरवी न बोलणारी पोरंही तोंड उघडतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही पण उद्या वर्गात थांबून बघ, जीव नुसता खालीवर होतो.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. फळ्यावर 0.45 आणि 0.5 लिही आणि विचार मोठं कोणतं. कोणीतरी म्हणेल 0.45, लगेच "चूक" म्हणू नकोस, "कसं ठरवलंस?" एवढंच विचार. सांगेल की 45 हे 5 पेक्षा मोठे. म्हणजे पोर बेफिकीर नाही, पूर्ण संख्यांना आजवर चाललेला नियम त्याने इथे लावला, आणि तो नियम जोवर बाहेर येत नाही तोवर तू वरून कितीही समजाव, खाली तो तसाच बसलेला असतो. पण खरी मजा दुसऱ्या पोरात आहे, ते म्हणतं 0.5, आपण "शाबास" म्हणून पुढे. त्याला 0.45 आणि 0.3 देऊन बघ. 0.3 म्हणालं तर समज, त्याच्या डोक्यात "दशांशचिन्हापुढे कमी आकडे म्हणजे मोठी संख्या" असं काहीतरी आहे आणि मघाचं बरोबर उत्तर निव्वळ नशिबाने आलं होतं. तेव्हा "कसं ठरवलंस" हे बरोबर उत्तरालाही विचारायचं, नाहीतर पोरांना कळतं की बाई किंवा सर "कसं" म्हणाले म्हणजे आपलं चुकलंय, आणि लगेच उत्तर फिरवतात, भारी हुशार असतात!

मात्र याचा अर्थ सगळं त्यांच्यावर सोडून दे असा नाही. विषय अगदी कोरा असेल तर आधी दोन-तीन उदाहरणं पूर्ण सोडवून दाखव, मग अर्धं सोडवलेलं दे, मग पूर्ण त्यांचं त्यांना. काहीच माहीत नसताना "शोधा तुम्हीच" म्हटलं की हुशार दोघं शोधतात आणि बाकीचे त्यांचं उतरवून घेतात.

आणि हो, हे पोरगं बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं असे गट पाडायचं जे ट्रेनिंगमध्ये सांगतात त्यात वेळ घालवू नकोस. 2008 मध्ये काही मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन तपासलं तेव्हा त्या पद्धतीला धड पुरावा सापडला नाही. त्रिकोण सगळ्यांनाच बघावा लागतो, कविता सगळ्यांनाच ऐकावी लागते.

सुरुवातीचे काही आठवडे वाईट जातील हे आधीच सांगून ठेवते. तास आधीसारखा रंगणार नाही, पोरं कुरकुरतील, "सर तुम्हीच सांगा ना", एखादे पालकही विचारतील की सर हल्ली शिकवत नाहीत का. तेवढं सोस. पुढच्या मेसेजमध्ये तास कसा झाला ते नको, पोरांनी दिलेली चुकीची उत्तरं जशीच्या तशी पाठव, मग बोलू निवांत.

तुझी,
बाई