सौम्य कॉस्टिकमध्ये उकळणे आणि मर्सराइझ करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत

सुती लडी ३ टक्के कॉस्टिक सोड्यात दोन तास उकळल्यावर सूत पाणी चांगले शोषू लागले, पण चकाकी आली नाही, तेव्हा उकळण्याचा वेळ वाढवावा का, असे आपण विचारले आहे. वाढवू नये. आपण केले ते स्कावरिंग, म्हणजे सुतातील मेण व मळ काढणे, आहे आणि ते व्यवस्थित झाले आहे. उकळत्या सौम्य अल्कलीने तंतूच्या बाहेरच्या थरातील मेण व पेक्टिन निघून जाते, म्हणून पाणी आत शिरू लागते. आतल्या सेल्युलोजची, म्हणजे कापसाचा तंतू ज्या लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा बनलेला असतो त्या पदार्थाची, स्फटिकरचना मात्र होती तशीच राहते. ती बदलण्यासाठी तीव्र कॉस्टिक लागते, आणि त्या क्रियेला मर्सराइझ करणे म्हणतात. वेळ वाढवला आणि उकळताना हवा लागत राहिली, तर सेल्युलोजच्या साखळ्या तुटून सूत कमजोर होईल, एवढेच.

कारण असे, की या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात, काही ठिकाणी विस्कळीत, तर बऱ्याच ठिकाणी स्फटिकासारख्या घट्ट आणि शिस्तीत. द्रावणातल्या सोडियमच्या आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टण असते. सौम्य द्रावणात हे वेष्टण एवढे मोठे असते, की ते स्फटिकमय भागात शिरू शकत नाही. तीव्रता साधारण १२ ते १५ टक्क्यांच्या पुढे गेली, की प्रत्येक आयनाच्या वाट्याला येणारे पाणी कमी होते, वेष्टण लहान होते, आणि अल्कली साखळ्यांच्या मधे घुसून त्यांना दूर सारते. पुढे कॉस्टिक धुऊन टाकले तरी साखळ्या पूर्वीच्या जागी परतत नाहीत. मूळच्या, ‘सेल्युलोज एक’ म्हटल्या जाणाऱ्या समांतर मांडणीच्या जागी ‘सेल्युलोज दोन’ ही परस्परविरुद्ध दिशांची मांडणी तयार होते, आणि ती अधिक स्थिर असल्यामुळे हा बदल कायमचा ठरतो. रासायनिकदृष्ट्या मात्र तो पदार्थ सेल्युलोजच असतो. स्फटिकमय भाग कमी झाल्यामुळे मोकळे हायड्रॉक्सिल गट वाढतात, म्हणून असे सूत हवेतला ओलावा जास्त धरते आणि त्याच गडद छटेसाठी डाय कमी लागते.

शक्य असल्यास हे एकदा सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहावे. कच्चा तंतू चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. त्याचा आडवा छेद घेवड्याच्या दाण्यासारखा असून मधे पोकळीची चीर असते. काचपट्टीच्या कडेने थंड, तीव्र कॉस्टिकचा थेंब सोडला, की तंतू अंगाला आळोखेपिळोखे दिल्यासारखा उलगडू लागतो, फुगून गोल होतो, आणि पोकळी मिटत मिटत केवळ रेघ उरते. मी हे अनेकदा पाहिले आहे आणि दर वेळी तितकाच आनंद होतो.

तरीही फुगणे म्हणजे चकाकी नव्हे, आणि इथेच बरेच जण चुकतात. लँकेशायरच्या जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये या प्रक्रियेचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांचे कापड अधिक मजबूत झाले व रंग चांगला घेऊ लागले. पण ते ताणाविना केल्यामुळे बरेच आकसले आणि चकाकी आली नाही. सुमारे चाळीस वर्षांनी होरेस लो यांनी कापड ताणून धरले, तेव्हा चकाकी आली. ताणाखाली तंतू सरळ आणि गुळगुळीत होतात, त्यामुळे प्रकाश विखुरण्याऐवजी एका दिशेने परावर्तित होतो.

म्हणून आपल्या स्कावर केलेल्या लडी चांगल्या पिळून २० ते २५ टक्के कॉस्टिकमध्ये मिनिटभर बुडवाव्यात, आणि द्रावण गरम नव्हे तर थंड, १५ ते २० अंश सेल्सिअस, ठेवावे; फुगण्याच्या क्रियेत उष्णता बाहेर पडत असल्यामुळे थंडीत ती जास्त होते. कॉस्टिक नेहमी पाण्यात घालावे, पाणी कॉस्टिकवर ओतू नये, आणि द्रावण पुरते थंड झाल्याशिवाय वापरू नये. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा हवाच. इतके तीव्र द्रावण डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. लडी पहिल्यापासून ताणलेली असावी, आणि पाण्याने धुऊन कॉस्टिक बरेचसे निघेपर्यंत ताण सोडू नये, नाहीतर मिळालेली चकाकी सूत आकसताना निघून जाते. शेवटी सौम्य ॲसेटिक आम्लाने उरलेली अल्कली मारावी. एक लडी ताणून आणि एक सैल ठेवून करावी, व दोन्ही रंगाच्या एकाच भांड्यात रंगवाव्यात, म्हणजे ताणाचा फरक दिसेल.