अ‍ॅशच्या सालीवरचं भोक

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

मिशिगनला पोचल्या पोचल्या तू विचारलंस, तो हिरवा सोनकिडा, एमराल्ड अ‍ॅश बोरर, कुठे दिसेल? दिसेल. पण आधी अ‍ॅशचं झाड ओळखायला शीक. आपल्या जाई-मोगऱ्याच्याच कुळातलं ते. फांद्या समोरासमोर फुटतात.

मग सालीवर नजर फिरव. जेमतेम ३ मिलिमीटरचं भोक, एक बाजू सपाट, दुसरी गोल, आडव्या ‘डी’ अक्षरासारखं. किड्याची पाठ सपाट, पोट गोलसर, म्हणून भोकही तसंच. मेलेल्या झाडाची सुटलेली साल हळूच उचल. खाली भुशाने गच्च भरलेल्या नागमोडी वाटा दिसतील. अळी तिथला अन्नवाहक थर खात जाते. या वाटांनी खोडाला वेढलं की मुळांना अन्न मिळत नाही आणि झाड वाळतं. किडा मात्र सेंटिमीटरभराचा! सापडलाच तर त्याचे वरचे कठीण पंख उचलून बघ, खाली पाठ तांब्यासारखी लाल असते.

त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं गेलं १८८८ साली. डेट्रॉइटजवळ तो सापडला २००२ मध्ये, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. तोवर त्याच्या जगण्याबद्दल फारच थोडं लिहिलेलं होतं. चीनमध्ये, कोरियात, त्याच्या मूळ घरी, तो मुख्यतः खंगलेल्या झाडांवर जगतो. तिथले अ‍ॅश त्याला बरेचसे पुरून उरतात. उपद्रव नाही, म्हणून फारसं कुणी पाहिलं नाही. मग अमेरिकेत कोट्यवधी झाडं गेली. हे मला फार लागतं गं. तुझ्या वहीत साध्या, बिनमहत्त्वाच्या किड्यांनाही जागा ठेव, ती याचसाठी.

रॉबिनियाचं झाड पांढऱ्या फुलांनी भरलं की प्रौढ किडे बाहेर पडू लागतात. जुलैत मात्र बेसबॉलच्या मैदानावर जा. रेताड मातीत पेन्सिलीएवढी बिळं असतील, भोवती मातीचं छोटं कडं. ती सर्सेरिस नावाच्या गांधीलमाशीची. ही तिथलीच, प्रत्येकीचं बीळ वेगळं, आणि पिल्लांसाठी सोनकिडेच पकडून आणते. तिला घाबरू नकोस, ती माणसाच्या वाटेला जात नाही. हौशी मंडळी तिच्या बिळांशी बसून शिकार तपासतात; किडा नव्या भागात पोचलाय का, ते त्यावरून कळतं.

आणि कॅम्पिंगला जाशील तेव्हा सरपण तिथलंच घे, गाडीत घालून नेऊ नकोस. आतल्या अळ्या सोबत जातात.

पहिलं बीळ सापडलं की तासभर तिथेच बस. माशी किती वाजता आली, काय घेऊन आली, सगळं लिही आणि मला पाठव.

तुझे सर