बट्टीच्या दिवशी स्वयंपाकघर किती लोड घेतं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चोपड्याच्या घरातलं स्वयंपाकघर नव्यानं करताय, गॅसची एक शेगडी ठेवून बाकी सगळं विजेवर न्यायचंय. वायरमननं प्रत्येक उपकरणाचे वॅट मिळवून १३.६५ किलोवॅट काढले आणि थ्री फेज घ्या म्हणून सांगितलं. अमेरिकेतला भाचा म्हणतो, तिकडच्या कोडप्रमाणे ८ किलोवॅट पुरे. आता कोणाचं ऐकायचं?

वायरमनची बेरीज मी तपासली. दोन प्लेटची इंडक्शन ३५००, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह २२००, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) २०००, किटली १५००, सिंकखालचा इन्स्टंट गिझर ३०००, मिक्सर ७५०, राइस कुकर ७००. बेरीज बरोबर आहे, आणि माणूस कामाचा आहे. मायक्रोवेव्हच्या दारावर ठळक ९०० वॅट लिहिलेलं असतं, ती अन्नात उतरणारी शक्ती. वीज किती ओढणार ते मागच्या पाटीवर असतं आणि त्यानं तीच पाटी वाचली आहे. पण ही बेरीज म्हणजे जोडलेला भार. मीटरमधून एका वेळी एवढी वीज कधीच जाणार नाही, कारण एवढं सगळं एकदम चालवायला घरात तेवढे हातच नसतात.

भाचा सांगतो तो नियमही खरा आहे. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधला तक्ता सांगतो: घरात १२ किलोवॅटपर्यंतची एक रेंज असेल तर ८ किलोवॅट धरा, दोन असतील तर १६ नव्हे, ११ धरा. तिथली रेंज म्हणजे वर चार शेगड्या आणि खाली ओव्हन, सगळं एकाच उपकरणात. पाचही भाग पूर्ण आचेवर क्वचितच येतात, आणि आले तरी थर्मोस्टॅट त्यांना सतत चालू-बंद करत राहतो, म्हणून ही सूट. पण हे ८ फक्त रेंजचे. ओट्यावरच्या किटली-मिक्सरसाठी १५०० व्होल्ट-अँपिअरची निदान दोन सर्किटं तिथं वेगळी मोजतात. ब्रिटनमध्ये रीत निराळी: कुकरच्या एकूण करंटपैकी पहिले १० अँपिअर पूर्ण, उरलेल्याचे ३० टक्के, आणि कुकरच्या स्विचबोर्डवर सॉकेट असेल तर आणखी ५. त्याच १२ किलोवॅटला २३० व्होल्टवर ५२ अँपिअर होतात, ते या रीतीनं, सॉकेट धरून, २८ वर येतात. अमेरिकेचे ८ किलोवॅट २४० व्होल्टवर ३३ अँपिअर. दोन देश वेगळ्या वाटांनी जवळपास एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणजे तत्त्व पक्कं आहे. तुमच्या घरात मात्र रेंज नाही, सात सुटी उपकरणं आहेत. त्यामुळे तो आकडा उचलून इथं लावू नका. तत्त्व घ्या आणि हिशेब आपल्या स्वयंपाकाचा करा.

आता आपला स्वयंपाक बघू. भरताची वांगी काड्यांवर किंवा फार तर गॅसवर भाजणार, ती इंडक्शनवर येत नाहीत. आखाजीचे मांडे खापरावरच होणार आणि मातीचं खापर इंडक्शनवर तापत नाही, तेव्हा त्या दिवशी चूल पेटणारच. म्हणजे सणाचा सगळ्यात जड स्वयंपाक विजेच्या हिशेबाबाहेर राहतो. माझ्या मते तुमचा खरा कसोटीचा दिवस वरण-बट्टीचा: मे महिन्यातली दुपार, दहा-बारा पाहुणे, ओटीजीत बट्ट्या, एका प्लेटवर वरणाचा कुकर, दुसरीवर घोटलेल्या वांग्यांची भाजी, आणि मध्येच कुणाला तरी चहा. ३५०० अधिक २००० अधिक १५००, सात किलोवॅट. मिक्सर दोन मिनिटांचा, तो किटलीच्या जागी धरा. मायक्रोवेव्ह आणि राइस कुकर त्या वेळी बंद असतात. तुमच्याकडे बंद नसतील तर त्यांचे वॅट मिळवा, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नाही. गिझर डिसेंबरचा, एसी मे महिन्याचा. जे दोन भार एकत्र येतच नाहीत त्यांतला एकच धरायचा. गिझर वॅटनं मोठा असला तरी सिंकखाली काही मिनिटंच चालतो आणि एसी दुपारभर, म्हणून मी उन्हाळ्याची बाजू धरतो आणि एसी बाकी घराच्या हिशेबात घेतो.

बाकी घराचा एक दीड टनाचा एसी १६००, कूलर २००, फ्रिज २००, पंखे-दिवे ४००, अर्ध्या एचपीची मोटर ५५०. हे २९५० धरून एकूण ९९५० वॅट, म्हणजे ४३ अँपिअर. हा काही मिनिटांचा शेंडा झाला. अर्ध्या तासाची सरासरी काढली तर शिट्टी झाल्यावर इंडक्शन खाली येते, साधारण २५०० धरा. ओटीजी एकदा तापला की थर्मोस्टॅटवर जातो, १३०० धरा. किटली सहा मिनिटं चालते, तिचे ३००. स्वयंपाकघर ४१०० वर आलं आणि घर ७०५० वर, म्हणजे ३१ अँपिअर. मेनला ४० चा डबल पोल एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि तिथपर्यंत दहाची, म्हणजे १० चौरस मिलिमीटरची, तांब्याची वायर घाला. काही मिनिटांच्या ४३ अँपिअरनं हा एमसीबी सहसा पडत नाही. बिलावरचा 'मंजूर भार' बघा आणि तो ८ किलोवॅटच्या खाली असेल तर वाढवून घ्या. सिंगल फेजवर तेवढा मिळतो का, हे अर्ज करताना महावितरणच्या उपविभागात विचारा.

ही सूट फक्त मेनला आहे, ताई. एका उपकरणाच्या स्वतःच्या वायरला काहीही सूट नाही. इंडक्शन पूर्ण आचेवर १५.२ अँपिअर घेणार, तर वायरनं तेवढं तासभर झेललं पाहिजे. इथे आपल्या भागातला उन्हाळा आडवा येतो. तक्त्यात भिंतीतल्या पाइपमधल्या पीव्हीसी वायरची क्षमता ३० अंशाच्या हवेला दिलेली असते: अडीचच्या वायरला २४ अँपिअर, चारच्या वायरला ३२. हवा ४५ अंशांवर गेली की त्याला ०.७९ नं गुणायचं. एकाच पाइपमध्ये दोन सर्किटं असतील तर पुन्हा ०.८ नं. अडीचची वायर १५.२ वर येते, इंडक्शनच्या करंटला नेमकी टेकून, आणि चारची २० वर. म्हणून इंडक्शन, ओटीजी, मायक्रोवेव्ह, गिझर या चौघांना स्वतंत्र चारची वायर आणि २० चा एमसीबी, एका पाइपमध्ये दोनच सर्किटं. दुकानदार अडीचला 'सगळं चालतं' म्हणेल. पुण्यात कदाचित चालतही असेल. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात मी ती घालणार नाही. पाइप गच्चीच्या स्लॅबमधून किंवा पश्चिमेच्या भिंतीतून नेऊ नका, तिथलं तापमान हवेपेक्षाही वर जातं. आतल्या भिंतीत झिरी मारा.

एमसीबीलाही उष्णता लागते. तो ३० अंशांना जुळवलेला असतो आणि बंद, तापलेल्या बोर्डात आकड्याच्या आधीच पडतो. तेव्हा मोठ्या नंबरचा घालून घेण्याचा मोह होतो. असं करू नका, मग वायर राखायला कुणीच उरत नाही. बोर्ड सावलीत घ्या आणि दोन एमसीबींमध्ये एक रिकामी जागा ठेवा.

संध्याकाळी व्होल्टेज २०० वर आलं तर ओटीजीची शक्ती २००० वरून १५०० वर येते. बट्ट्यांना वेळ लागतो आणि सगळं जास्त वेळ एकत्र चालतं. उलट, बऱ्याच इंडक्शन शेगड्या शक्ती टिकवण्यासाठी जास्त करंट ओढतात, १५.२ चे १७.५ होतात. चारची वायर सांगण्याचं हे दुसरं कारण. किटली ६.५ अँपिअरची आहे, ६ अँपिअरच्या सॉकेटला तिला लावू नका. ओट्यावर १६ चे दोन पॉइंट जास्तीचे काढा.

थ्री फेज नुसत्या स्वयंपाकघरासाठी नको. त्याचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त लागतो. दुसरा एसी नक्की येणार असेल तर मात्र आत्ताच घ्या, आणि तेव्हा इंडक्शन एका फेजवर, ओटीजी दुसऱ्यावर टाका, नाहीतर तिन्ही फेज घेऊन सगळं एकावरच लादलं जातं.

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) लावाच. तापीकाठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहा आणि वायरमनकडून एप्रिलमध्ये रेझिस्टन्स मोजून घ्या.

इंडक्शन अजून घेतली नसेल तर दोन्ही प्लेट एकत्र चालवल्यावर एकूण किती वॅट, हे पाटीवर वाचून इथे लिहा. काही मॉडेल दोन प्लेटमध्ये शक्ती वाटून घेतात, मग ३५०० ऐवजी २९०० वगैरे निघतात आणि मेनचा हिशेब आणखी हलका होतो.