पहिला अर्धा तास धावतं, मग रांगतं

प्रश्न : आमचा डेटाबेस ॲमेझॉनच्या क्लाउड सर्व्हरवर आहे. डिस्क १०० जीबीची, जीपी२ प्रकारातली. सकाळी मोठे अहवाल काढायला घेतले की अर्धा तास काम झपाट्याने होतं, मग सगळं रांगायला लागतं. दुप्पट सीपीयूचा सर्व्हर घेतला, तरी तेच. डिस्क खराब झाली असेल का?

उत्तर : डिस्क धडधाकट असावी. तुम्ही तो 'अर्धा तास' नेमका टिपलात, म्हणून दुखणं लगेच कळलं.

सर्व्हर जिला आपली डिस्क समजतो, ती त्याच्या पेटीत नसतेच. ती नेटवर्कपलीकडच्या साठवण-यंत्रांवर असते. 'अमुक ब्लॉक (माहितीचा तुकडा) दे' अशी प्रत्येक मागणी तारेवरून जाते आणि उत्तर घेऊन परत येते. ही यंत्रं अनेकांत वाटलेली, म्हणून सेकंदाला किती मागण्या करायच्या यावर मर्यादा असते.

जीपी२मध्ये ती मर्यादा आकारावर ठरते : जीबीमागे ३. तुमच्या वाट्याला ३०० येतात. शिवाय ५४ लाख मागण्यांची शिल्लक मिळते, ती खर्चून ३,००० पर्यंत धावता येतं. ३,००० पैकी ३०० हक्काच्या, म्हणून सेकंदाला २,७०० ने शिल्लक घटली, तर २,००० सेकंदांत, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांत संपते. तुमचा अर्धा तास तो हाच. ती पुन्हा पूर्ण भरायला डिस्क ५ तास शांत हवी. शिल्लक डिस्कच्या नावावर असते, सर्व्हरच्या नाही. सीपीयू वाढवून फक्त वाट बघणारे वाढले.

खात्री करायची तर ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या देखरेखीच्या साधनात 'बर्स्ट बॅलन्स'चा, म्हणजे या शिल्लकीचा, आलेख बघा. तो सकाळी शून्याला टेकत असेल, तर डिस्क जीपी३ या दुसऱ्या प्रकारात बदला. तिथे आकार कितीही असो, ३,००० मागण्या कायम मिळतात. बदल सर्व्हर चालू असतानाच होतो.

त्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची वेगळी प्रत, मात्र घ्याच. डिस्कच्या प्रती आत ठेवलेल्या असतात हे खरं, पण त्या यंत्र बिघडलं तर उपयोगाच्या. एकदा माझ्या हातून चुकीचं टेबल पुसलं गेलं, आणि ते पुसणंही प्रत्येक प्रतीवर तितक्याच इमानाने उतरलं. आदल्या रात्रीचा स्नॅपशॉट होता, म्हणून लोकांचं काम परत मिळालं. त्यातून केलेली नवी डिस्क सुरुवातीला संथ वाटली तर घाबरू नका. प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना तो स्नॅपशॉटमधून आणावा लागतो.