गाणं जॅममध्ये झालं, क्रेडिट मात्र एकट्याला

पुण्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगतो. हे बेस वाजवतात, तिघांचा रॉक बँड. २०२३ मध्ये तासावर घेतलेल्या स्टुडिओत जॅम, म्हणजे आधी काही न ठरवता एकत्र वाजवणं, चालू होता, यांनी एक बेसलाइन धरली, ड्रमरने त्यावर ग्रूव्ह बसवला आणि गायक-गिटारिस्टला त्यावर गुणगुणता गुणगुणता चाल सापडली, शब्द त्याने नंतर घरी लिहिले. २०२४ मध्ये गाणं स्ट्रीमिंगवर आलं तेव्हा शब्द आणि संगीत दोन्हीकडे नाव एकट्या गायकाचं. आता एका वेबसिरीजला ते गाणं हवंय आणि गायक म्हणतोय, तू नुसतं वाजवलंस, तुझ्याकडे नोटेशन नाही, आणि रेकॉर्डिंगचे पाच हजार तुला कधीच जीपे केलेत. सोबत सहीसाठी एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, पाठवलीये.

एनओसीवर सही करू नका, आणि 'बरं, चालेल' असा मेसेजही टाकू नका, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटच्या लायसन्सला सही लागतेच असं नाही, लेखी असलं तरी पुरतं, आणि उद्या तो मेसेज तुमची परवानगी म्हणून कोर्टात दाखवला जाईल.

आता त्याचे मुद्दे. नोटेशनचा मुद्दा तर टिकतच नाही. कॉपीराइट अॅक्ट १९५७ मध्ये संगीतकाराची व्याख्याच अशी आहे की जो संगीत रचतो तो, मग त्याने ते लिहून काढलेलं असो वा नसो. पाच हजारांचंही तसंच. तुम्ही त्याचे नोकर नव्हता, आणि कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी करार आणि तुमची सही लागते, जीपेची एंट्री म्हणजे असं हस्तांतरण (असाइनमेंट) नव्हे, ती फार तर त्या दिवशीच्या वाजवण्याची बिदागी.

खरा प्रश्न 'तू नुसतं वाजवलंस' हा आहे आणि इथे मात्र मी तुम्हाला उगाच आशा दाखवणार नाही. कायद्यात संयुक्त कृती म्हणजे अशी, की जी दोघांनी किंवा अधिकांनी मिळून केली आणि कोणाचा वाटा कुठे संपतो ते वेगळं काढता येत नाही. जॅममधून निघालेलं गाणं सहसा असंच असतं. क्वीन आणि डेव्हिड बोवीचं 'अंडर प्रेशर' १९८१ मध्ये माँत्रूच्या स्टुडिओत असंच जॅम करता करता झालं आणि श्रेय पाचही जणांना गेलं. यू-टूचं 'वन' बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत दुसऱ्याच गाण्यावर काम चालू असताना निघालं, तिथे संगीत अख्ख्या बँडच्या नावावर, शब्द बोनोचे. ही वाटणी लक्षात ठेवा, तुमच्या केसमध्येही शब्द गायकाचेच आहेत आणि त्यावर दावा लावायला जाऊ नका, उगाच बाकीची बाजू कमजोर होईल.

जिथे बँडमध्ये भांडण झालं तिथे ब्रिटिश कोर्टांनी काय पाहिलं ते बघा, आपली कोर्टं हे निकाल बंधनकारक मानत नाहीत पण वाचतात नक्की. १९९९ मध्ये स्पँडाऊ बॅले या बँडचे तीन सदस्य त्यांचाच गीतकार-गिटारिस्ट गॅरी केम्पविरुद्ध हरले, कारण केम्प गाणी जवळपास तयार करूनच आणायचा, बाकीच्यांनी केलं ते सादरीकरण, त्यात सॅक्सोफोनचा सोलोसुद्धा आला. उलट १९९४ च्या स्टुअर्ट विरुद्ध बॅरेटमध्ये एक ड्रमर जिंकला, तिथे एकाने सुरुवात केली, बाकीचे त्यात घुसले, सगळ्यांनी मिळून ती कल्पना वाढवली, म्हणून रचना सगळ्यांची. तुमची हकीकत खरी असेल तर ती या दुसऱ्या केससारखी आहे. म्हणजे सगळं अडतं ते एकाच गोष्टीवर, तुम्ही खोलीत शिरलात तेव्हा गायकाकडे गाणं होतं की नव्हतं?

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, 'जॅमचं अख्खं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे.' अहो, हीच तर तुमची केस आहे! ती फाइल व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवू नका, तिथे ती कॉम्प्रेस होऊ शकते, मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट वकिलाच्या मदतीने नीट करून घ्या. स्टुडिओच्या इंजिनिअरकडे सेशनच्या फाइल्स असतील तर त्याही मागा. आणि ड्रमरशी बोला, त्याचाही हक्क बुडतोय, तो तुमच्या बाजूने उभा राहिला तर चित्रच बदलतं.

आता वेळेबद्दल, कारण लोक इथेच घसरतात. प्रोकोल हॅरम या ब्रिटिश बँडच्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल'मधला ऑर्गन मॅथ्यू फिशरचा, गाणं १९६७ चं, त्याने दावा केला २००५ मध्ये, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च कोर्ट) त्याचा संगीतातला ४० टक्के वाटा त्याला परत मिळवून दिला. हे ऐकून निवांत बसू नका. एक तर मधल्या अडतीस वर्षांचे पैसे त्याला मिळाले नाहीत, तोवर त्याची मूक परवानगी होती असं धरलं गेलं, हिशोब सुरू झाला तो त्याने दावा सांगितला तेव्हापासून. दुसरं म्हणजे आपल्याकडे कॉपीराइटच्या भरपाईला लिमिटेशन, म्हणजे दावा लावायची मुदत, तीन वर्षांचं आहे. तुम्ही २०२४ मध्ये ग्रुपवर 'रिलीज कर भावा' लिहिलंय म्हणता, तेव्हा स्ट्रीमिंगपुरती परवानगी होती असं कोर्ट म्हणू शकतं, पण वेबसिरीजला द्यायची परवानगी त्यात येत नाही, हे नोटिशीत स्पष्ट लिहायचं.

ती नोटीस याच आठवड्यात जाऊ द्या, गायकाला आणि सिरीजच्या निर्मात्यालाही. एका सहमालकाने दुसऱ्याला न विचारता तिसऱ्याला लायसन्स देता येत नाही, मुंबई हायकोर्टाने २००८ मध्ये अंगथ आर्ट्सच्या प्रकरणात हेच म्हटलंय. वाद असलेलं गाणं निर्माते सहसा घेत नाहीत, म्हणून भाषा सौम्य ठेवा, तुम्हाला डील मोडायचं नाहीये, त्यात नाव आणि वाटा हवाय. नावाचा हक्क कलम ५७ खाली वेगळा आहे, पैशांवर तडजोड झाली तरी तो सोडू नका. मास्टर रेकॉर्डिंगचा, म्हणजे गाण्याच्या अंतिम ध्वनिमुद्रणाचा, खर्च गायकाने केला असेल तर ते बहुधा त्याचंच, तिथे भांडू नका, तुमचा दावा रचनेवर आहे.

आणि टक्के? कोर्टात जायच्या आधी तिघांनी बसून एका कागदावर संगीताची वाटणी लिहा, माझ्या मते तिघांत समान हीच न्याय्य सुरुवात आहे, चाल त्याची म्हणून त्याला थोडं जास्त द्यावं लागलं तर द्या. तो तयार नसेल आणि सिरीजचा करार होऊ घातला असेल तर जिल्हा न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो, तुम्ही पुण्यात राहता म्हणून दावा पुण्यातच लावता येईल, मुंबईला खेपा घालायची गरज नाही. फोन, ग्रुपचे चॅट्स आणि जीपेची एंट्री घेऊन वकिलाला भेटा, एनओसीचा कागदही सोबत न्या, सही न करता.