कात्री जरा खाली ठेवा: पिवळ्या सुगंधी गुलाबाबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच झाडाची निघाली. 'गोल्डन सेलिब्रेशन', इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांनी १९९२ साली आणलेला झुडूपवजा गुलाब. वाटीसारखं भरगच्च, किंचित तांबूस झाक असलेलं सोनेरी फूल आणि वास असा की माणूस जाता जाता थांबतो. बाकीचे प्रश्न इतर पिवळ्या गुलाबांचे होते, तेही इथेच घेतले आहेत.

काका, दीड वर्षापूर्वी आणलेलं रोप गच्चीवर अठरा इंची कुंडीत आहे. दोन फांद्या माझ्या डोक्याच्या वर गेल्यात आणि फुलं फक्त टोकाला. वास घ्यायला स्टुलावर चढावं लागतं. अर्ध्यात कापू का? (पुणे)

कापू नका, वाकवा. हे झाड इंग्लंडात चार-साडेचार फुटांवर थांबतं. आपल्याकडे त्याला थांबायला लावणारी थंडीच नाही, म्हणून ते वेलासारखं सुटतं. अर्ध्यात कापलंत तर कापाखालचे एक-दोन डोळे फुटून पुन्हा तशाच दोन काठ्या उभ्या राहतील आणि मधले दोन महिने फुकट जातील.

फांदी उभी असते तोवर शेंड्याकडून उतरणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. तीच फांदी आडवी केली की ही पकड ढिली होते आणि जवळजवळ प्रत्येक पेराशी फूट निघते. दुपार टळल्यावर, झाडाला पाणी द्यायच्या आधी हे काम करा. सकाळी फांदी पाण्याने भरलेली, कडक असते. मी एकदा सकाळी चहाच्या आधी घाई केली आणि करंगळीएवढी जाड फांदी बुंध्यापाशी चर्रकन फाटली. तेव्हापासून पंधरा दिवसांचा हिशोब ठेवतो: पहिल्या दिवशी सुतळीने थोडी ओढून कुंडीच्या काठाला बांधायची, चार दिवसांनी सुतळी एक वीत आखडायची, असं करत कमान जवळजवळ आडवी होईपर्यंत. सुतळीची गाठ सैल हवी, नाहीतर फांदी जाड झाली की ती सालीत रुतते.

थोड्याच दिवसांत पेरांवर गव्हाच्या दाण्याएवढे लालसर कोंब दिसू लागतील. त्यांतला एकही खुडू नका, तीच तुमची फुलं.

छाटणी दसऱ्यानंतर, पाऊस पुरता उघडल्यावर करायची. तेव्हाही वाळकं, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकांत घुसलेलं तेवढं काढा, बाकी उंचीचा फार तर तिसरा हिस्सा. हायब्रीड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं फूल देणाऱ्या गुलाबासारखं गुडघ्याएवढं छाटायची सवय इथे नडते. पिवळ्या जातींच्या कापलेल्या फांद्या टोकाकडून वाळत खाली येण्याची खोड असतेच, म्हणून कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावायला विसरू नका.

दर श्रावणात पानांवर काळे ठिपके, मग पानं पिवळी होऊन गळतात. भाद्रपदापर्यंत नुसत्या काट्या उरतात. शेजारच्या गावठी गुलाबाला काही होत नाही. उपटून टाकू? (रत्नागिरी)

यात तुमचा दोष कमी आणि झाडाच्या पूर्वजांचा जास्त. बागेतल्या जुन्या गुलाबांत गुलाबी, पांढरे, लाल होते, फिकट पिवळेही चीनमधून आले होते, पण हळदीसारखा गडद पिवळा नव्हता. तो आणला फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ पेर्ने-दुशे यांनी. 'रोझा फिटिडा' नावाच्या पश्चिम आशियातल्या जंगली पिवळ्या गुलाबाच्या वंशाशी संकर करून त्यांनी १९०० साली 'सोलेई दॉर' ही जात दिली. फिटिडा म्हणजे लॅटिनमध्ये दुर्गंधी, आणि त्या फुलाचा वास खरंच नाक मुरडण्यासारखा! आजच्या गडद पिवळ्या गुलाबांपैकी बहुतेकांत हेच रक्त आहे. कोरड्या डोंगराळ मुलखात वाढलेल्या त्या गुलाबाला काळ्या ठिपक्यांच्या बुरशीशी झगडण्याची वेळ फारशी आलीच नव्हती. रंगाबरोबर ते दुबळेपणही वंशात उतरलं.

ही बुरशी पान साधारण सात तास सलग ओलं राहिलं की रुजते. रत्नागिरीत श्रावणात पान सात दिवस ओलं असतं. म्हणून पहिला उपाय औषध नाही, जागा. कुंडी असेल तर जूनच्या सुरुवातीलाच पडवीच्या कडेला आणा, ऊन मिळेल पण पागोळ्या अंगावर पडणार नाहीत अशी. जमिनीत असेल तर मातीवर वाळल्या पानांचं आच्छादन घाला, खालच्या फूटभरातली पानं काढून टाका आणि गळलेलं प्रत्येक पान उचला. ते कंपोस्टच्या खड्ड्यात नको.

मृग बरसण्याआधी एकदा आणि नंतर उघडीप मिळेल तेव्हा मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूलाही लागेल असं फवारा. पावसात धुऊन जाऊ नये म्हणून स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रावण) मिसळा, तोंडाला फडकं बांधा. आधीच ठिपके पडलेली पानं याने सुधारत नाहीत, नवी वाचतात.

उपटू नका, निदान दसऱ्यापर्यंत. बोडकं झालेलं झाड मेलेलं नसतं. नखाने साल खरवडून पाहा, खाली हिरवं दिसलं तर ते फक्त रजेवर आहे. या काळात युरिया मात्र देऊ नका, कोवळी पालवी म्हणजे बुरशीला मेजवानी. आणि फवारणीचा कंटाळा असेल तर स्पष्टच सांगतो, किनारपट्टीवर हा गुलाब तुमच्यासाठी नाही. गावठीच बरा.

पानं पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच. अंड्याची टरफलं भरपूर घालतो. (छत्रपती संभाजीनगर)

टरफलं आजपासून बंद! तुमची काळी माती बहुधा चुनखडीची आणि त्यात बोअरचं जड पाणी. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, आणि टरफलं म्हणजे आणखी चुनाच. चिलेटेड लोहाची (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारणी पाकिटावरच्या प्रमाणात करा आणि शेणखत सढळ हाताने द्या. नवी पानं हिरवी आली की काम झालं, जुन्यांकडे पाहत बसू नका.

जानेवारीत फुलांना इतका वास होता की जिन्यात यायचा. एप्रिलमध्ये काहीच नाही, फूलही लहान. नर्सरीवाल्याने खत म्हणून काही मारलं होतं का? (नाशिक)

नर्सरीवाला निर्दोष. वास म्हणजे पाकळीतून उडून जाणारी तेलं. थंडीत फूल सावकाश उमलतं, पाकळ्यांत माल भरायला वेळ मिळतो. एप्रिलच्या उन्हात ते दोन दिवसांत उमलून कोमेजतं, आणि जे तेल तयार होतं ते नऊ वाजायच्या आत उडून जातं. सकाळी साडेसहाला, फूल अर्धं उमललेलं असताना नाक लावून पाहा. पिवळ्या गुलाबांत आणखी एक गंमत असते: पिवळा रंग देणारी कॅरोटिनॉइड्स तुटतात तेव्हा त्यांतून आयोनोनसारखे सुगंधी रेणू निघतात. म्हणजे रंगाचाच थोडा भाग वासाच्या रूपाने हवेत जातो. गोल्डन सेलिब्रेशनचं फूल ताजं असताना चहापत्तीसारखं आणि नंतर फळासारखं गोड वास देतं, हा फरक हिवाळ्यात नक्की तपासा.

एप्रिल-मे मध्ये दुपारच्या उन्हापासून झाडाला आडोसा द्या. कळ्यांच्या कडा तपकिरी होत असतील तर एक कळी पांढऱ्या कागदावर आपटा. डोळ्याला जेमतेम दिसणारे, रेघेसारखे किडे पळाले तर ते फुलकिडे. फिकट आणि पिवळी फुलं त्यांना फार आवडतात. अशा कळ्या खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा.

बुंध्यातून जोमदार नवी फांदी आली आहे. भाऊ म्हणतो पाच पानांची चांगली, सात पानांची रानटी. मोजली तर सात! कापू? (सांगली)

पानं मोजण्याचा हा नियम विसरा, झुडूप गुलाबांना स्वतःच्या फांदीवरही सात पर्णिका येतात. बोटांनी माती बाजूला करा आणि डोळा भरलेली गाठ, म्हणजे कलमाचा सांधा, शोधा. फांदी गाठीच्या वरून निघाली असेल तर ते सोनं आहे, जपा. खालून निघाली असेल तर खुंटाची, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम केलंय त्याची. आपल्याकडे खुंट बऱ्याचदा मल्टिफ्लोरा असतो आणि त्याची खूण सोपी: पानाचा देठ फांदीला मिळतो तिथल्या चिमुकल्या उपपर्णांना कंगव्यासारखी झालर असते. अशी फांदी कात्रीने कापू नका, उगमापाशी धरून खाली ओढून उपटा. कापली तर तळाचे डोळे राहतात आणि एकाच्या तीन होतात.

बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. ते म्हणतात दसरा झाला, छाटणी करू. इथले शेजारी म्हणतात फेब्रुवारीअखेर. कोणाचं ऐकू? (लेस्टर, इंग्लंड)

मुख्य छाटणीसाठी शेजाऱ्यांचं. ऑक्टोबरमध्ये छाटलंत तर कोवळी फूट येईल आणि पहिल्या गोठवणाऱ्या थंडीत जळेल. पण बाबाही अगदीच चुकीचे नाहीत. वाऱ्याने हेलकावे खाऊन मूळ सैल होऊ नये म्हणून उंच फांद्या हिवाळ्याआधी थोड्या आखूड करतात, तेवढी कात्री त्यांच्या हाती द्या. फक्त रोप लावताना त्यांना जवळ उभं करू नका: साताऱ्यात डोळ्याची गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवतात, तुमच्याकडे ती थंडीपासून वाचावी म्हणून दोन इंच खाली पुरतात, आणि त्यावरून वाद नक्की होणार.