बोट वर केलंस ते

अनेक आशीर्वाद.

रविवारच्या मॅचला तू अंपायर म्हणून उभा होतास, बोट वर करून आपल्याच कॅप्टनला एलबीडब्ल्यू दिलास, म्हणजे स्टंपाकडं जाणारा बॉल पायानं अडवला म्हणून औट. रात्री तुझा मेसेज आला, ‘काका, मी चुकलो काय?’ लगेच उत्तर दिलं नाही. दोन ओळीत बसणारं नव्हतं ते. आज दुकान बंद करून निवांत लिहायला बसलोय.

आधी हे सांगून टाकतो की कॅप्टन औट होता की नव्हता, मला माहीत नाही. मी स्कोअरच्या टेबलावर होतो, निलगिरीखाली, पिचला आडवा. तिथून बॉल किती उडाला तेवढं कळतं, लाइन, म्हणजे बॉल सरळ स्टंपाकडं होता की बाजूला, ते कळत नाही. माझ्या मागं उभं राहून ‘लेगला जायलाता की रे!’ म्हणून ओरडणाऱ्या सहाही जणांना ती कळत नव्हती. त्यातला एकजण तर त्यावेळी चहा ओतून घेत होता.

आपल्या क्लब मॅचेसना बाहेरून अंपायर आणायला पैसे नसतात, म्हणून बॅटिंग करणाऱ्या टीमचेच दोघं उभे राहतात. कोण उभं राहतं? जो लवकर औट झालाय तो, नाहीतर जो अकराव्या नंबरला जाणार तो. म्हणजे टीममधल्या सगळ्यात लहान पोराला सगळ्यात मोठ्या माणसाचं औट-नॉटऔट ठरवावं लागतं. ही रीत विचित्रच आहे. पण मी खेळायला लागलो तेव्हाही हीच होती. आता जिंकायला 27 पाहिजेत, तीन विकेट हातात, कॅप्टन 41 वर, आणि तू बोट वर केलंस. नऊ रनांनी हरलो. ‘आपल्याच माणसाला औट देऊन सोडलास की!’ हे तुला कोण म्हणालं ते मी ऐकलंय. परतताना टेम्पोत तुझ्याशेजारी कोण बसलं नाही तेही बघितलंय.

त्यांचं सोड. तुझं काय चुकलं ते सांगतो, कारण तू विचारलंयस.

एक म्हणजे तुझी कानटोपी. बेळगावची थंडी काय मोठी नव्हे, पण परवासारखं आभाळ असलं आणि वारा सुटला की मैदानात उभ्या माणसाला चावते. तू टोपी कानाखाली ओढलीस, वरून माफलर गुंडाळलास. अरे, बॅटची कड लागलेली ऐकायची कशी मग? अंपायरला डोळ्यांइतकंच कानाचं काम असतं. बॉल आधी बॅटला लागून मग पॅडवर आला असेल तर एलबीडब्ल्यू नाहीच, आणि ती बारीक ‘टिक्’ लोकरीच्या दोन पदरांतून येत नाही. गळ्याला गुंडाळ पाहिजे तेवढं, कान उघडे ठेव. लाल होऊ देत.

दुसरं, हात खिशात. सहा खडे खिशात ठेवून ओव्हर मोजत होतास, ते ठीक. पण बोटं आखडली की एक खडा दोनदा हाताला लागतो. तुझ्या दोन ओव्हर पाच बॉलच्या झाल्या, माझ्या पुस्तकात आहेत. नियमानं अंपायरनं मोजली ती ओव्हर तशीच धरतात, त्यामुळं कुणाला काही करता आलं नाही. खडे मुठीत ठेव, एकेक करून दुसऱ्या मुठीत टाक. वर बोलरनं त्याचा स्वेटर दिला तो तू कमरेला बांधलास, दुसऱ्याचाही बांधलास, अगदी खुंटीसारखा उभा होतास. दोन टोकं आहेत, दुसऱ्या अंपायरकडं दे की एखादा.

आणि तिसरं, खरं हेच. फार घाई केलीस. अपील व्हायच्या आतच तुझा हात खिशातून निघाला होता, हे मला टेबलावरूनही दिसलं. बोलर ओरडला नसता तर काय केलं असतंस? अपील झाल्याशिवाय औट देताच येत नाही.

बॉल लागला की मनात क्रमानं विचारायचं. लेग स्टंपच्या, म्हणजे बॅट्समनच्या पाठीकडच्या स्टंपच्या, बाहेर टप्पा पडला? मग विषय संपला, नॉटऔट. बॅट लागली? नॉटऔट. शॉट खेळत असताना ऑफच्या, म्हणजे समोरच्या बाजूच्या स्टंपच्या, बाहेर पायाला लागला? नॉटऔट. एवढ्यातून उरला तरच स्टंपाला लागला असता का बघायचं. आणि मॅटवर तेच सगळ्यात अवघड. स्टंप 71 सेंटिमीटर उंच, त्याहून थोडा जास्तच. काथ्याच्या मॅटवर, खाली सिमेंट असताना, टप्प्याचा बॉल मातीपेक्षा जास्त उडतो आणि पॅडवर आदळताना अजून वर चढतच असतो. गुडघ्याच्या वर लागला तर मी शक्यतो देतच नाही. कॅप्टनला गुडघ्याखाली लागला, पाय क्रीजमध्ये अडकलेला, एवढं मला टेबलावरून दिसलं. लाइन तुझी. हे सगळं विचारायला तीन-चार सेकंद लागतात. तेवढे घे. लोक थांबतात.

उशिरा दिलेल्या निर्णयाला लोक कमी शिव्या देतात, हेही आहे. का ते मला कधी कळलं नाही.

विश्वनाथची गोष्ट तुला आपल्या नेटमध्ये कुणीतरी सांगितलीच असेल. 1980, मुंबईची ज्युबिली टेस्ट, इंग्लंडच्या 58 रनांत पाच विकेट गेलेल्या, त्यानंतर त्यांच्या टेलरला कॅच औट दिला आणि भारताच्या कॅप्टननं, म्हणजे विश्वनाथनंच, त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथमची जोडी 171 रनांपर्यंत गेली, आपण दहा विकेटनी हरलो. विशी मोठा माणूस, आपल्या कर्नाटकाचा, त्यात वादच नाही. पण मला ती गोष्ट ऐकताना नेहमी त्या अंपायरची आठवण येते. बोट वर करून उभा, आणि फिल्डिंगचाच कॅप्टन म्हणतोय, नाही. गोष्ट सांगणारे त्याचं नावसुद्धा घेत नाहीत.

माझंही एक ऐक. तुझ्या वयाचा होतो, निपाणीकडं मॅच होती, तंबाखू सुकत घातलेल्या शेताला लागून मैदान. ज्यांनी मला क्लबात आणलं, पहिले बूट घेऊन दिले, ते खेळत होते आणि मी उभा. कीपरनं कॅच घेतला, त्याआधी बॉल बॅटला लागला, म्हणजे औटच. मी ऐकला, कीपरनं ऐकला, सायकल धरून उभ्या पोरांनीसुद्धा ऐकला. मी मान हलवली. नॉटऔट. बोलर भांडला नाही. माझ्याकडं बघितलं, ‘बरं’ म्हणाला आणि रनअपच्या खुणेला परत गेला. आम्ही जिंकलो. बसमध्ये मला खिडकीची सीट मिळाली, आणि घरी येईपर्यंत कुणी बोललं की मी हो हो म्हणत होतो. पुढं पंधरा-वीस वर्षं तो बोलर कुठं ना कुठं भेटायचा. खानापूरच्या स्टँडवर एकदा तासभर गप्पा मारल्या, पोरांच्या शाळा, भाताचा भाव. ते कधी काढलं नाही त्यानं. मीही नाही.

तर चुकलास काय? घाई चुकली, टोपी चुकली. निर्णयाचं तुझं तुला माहीत. कॅप्टनला जाऊन सॉरी म्हणू नकोस. ते म्हटलंस तर औट नव्हता असा अर्थ होतो, आणि तुला तसं वाटत असेल तरच म्हण. तो आठवडाभर फुगेल, त्याचा स्वभाव आहे. 41 वर औट झालेला माणूस कुठला लवकर हसतो?

स्कोअरबुकात त्याच्या नावापुढं एलबीडब्ल्यू लिहिलंय. पेनानं.

येत्या रविवारी आठला मैदानावर ये. सकाळी दव असतं, मॅट भिजली की चौघांनाही उचलत नाही, म्हणून ऊन आल्यावरच पसरू. बॅटिंग आली तर पहिल्या दहा ओव्हर तूच उभा राहा, मी सांगून ठेवलंय. मॅट ठोकायचा हातोडा माझ्याकडं आहे. खिळ्यांचा डबा परवा तुझ्या पिशवीत गेलाय, तो तेवढा विसरू नकोस.

तुझा
काका